दुखणं मोजणारी मैना

मैना शेंडेची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण म्हणजे बोलत होते मी एकटीच. ती हातात फिनेलची बादली धरून, मान खाली घालून ऐकत होती.

तेव्हा मी चंद्रपूरजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर होते. तिथे डॉक्टरकी शिकवली जाते, आणि त्याच संस्थेची आणखी तीन लहान हॉस्पिटलं गडचिरोलीच्या जंगलकाठापर्यंत पसरलेली आहेत. तिकडे न जमणारा पेशंट आमच्याकडे यायचा. मैना आमच्याकडे सफाईला होती. चाळिशीची, ठेंगणी, पाऊल न वाजवता चालणारी बाई. ढिवराच्या घरातली. नवरा हेमराज गावच्या तलावात मासे धरायचा आणि दोघं मिळून दीड एकराची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, करायचे. रोज सकाळी पहिल्या एसटीने यायची. डब्यात कधी सुक्या मासोळ्या असल्या की सगळ्या स्टाफरूमला कळायचं.

त्या दिवशी फरशी अर्धी ओली, अर्धी कोरडी ठेवून ती एका पोरीच्या खाटेशी बसली होती आणि तिच्या पिंढऱ्या चोळत होती. मी कडाडले.

"मैना, तुझं काम फरशीचं आहे. पेशंटला हात लावायला सिस्टर आहेत इथे."

"हो जी," ती म्हणाली. उठली. बादली उचलली. मग अगदी हळू म्हणाली, "पण सिस्टर येऊन नाई राह्यल्या ना."

पोरीला सिकलसेल होता. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घरोघरी सापडतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. अडकल्या की हाडांच्या आतून दुखणं उठतं. बाहेरून बघाल तर काही नाही. जखम नाही, सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. नुसता माणूस खाटेवर वळवळत असतो. आणि बरा होऊन गेला की महिना-दोन महिन्यांनी पुन्हा येतो.

आता हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवं. आम्ही सिस्टर लोक आपसात त्यांना "सुईवाले" म्हणायचो. तेच तेच चेहरे, तीच मागणी. अपघातात पाय तुटलेला माणूस समोर असताना सुईवाल्यांकडे कोण बघणार?

डॉ. दिव्यानी आमच्याकडे आल्या त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर. बल्लारपूरच्या. वडील पेपर मिलमध्ये शिफ्टला जायचे, त्यामुळे भोंग्यावर वाढलेली मुलगी. बाहेर शिकून परत आपल्या मुलखात आल्या होत्या आणि त्यांना संशोधन करायचं होतं. मला वाटलं, आता काचेच्या नळ्या आणि मोठाली यंत्रं येणार. तर त्यांचा प्रश्न एवढाच होता: सिकलचा पेशंट गेटातून आत आल्यापासून त्याला दुखण्याचं पहिलं औषध किती मिनिटांनी मिळतं?

"एवढ्यासाठी संशोधन?" मी विचारलं. "आमच्या रजिस्टरमध्ये आहे की. तीस मिनिटं."

"असेल सिस्टर," त्या हसून म्हणाल्या. "आपण फक्त मोजून बघू."

मोजायला त्यांनी नागपूरहून दोन पदवीधर पोरं आणली. पेशंट त्यांच्याशी बोलेनात. कागदावर सही मागितली की म्हातारी माणसं पिशवी उचलून बाहेरच्या झाडाखाली जाऊन बसायची. महिन्याभरात दोघंही सोडून गेली. डॉक्टर माझ्याकडे आल्या, इथली बोली बोलणारी कुणी आहे का म्हणून. मी लगेच मैनाचं नाव दिलं. खरं कारण सांगते, ती माझ्या वॉर्डातून जाईल तर बरं, असं मला वाटत होतं.

मैना आठवी शिकलेली. ती घाबरून म्हणाली, "मले इंग्रजी नाई येत, मॅडम."

"घड्याळ येतं ना?"

"घड्याळ येते जी."

"मग झालं."

तिचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पेशंटची संमती मागायला शिकण्यात. संशोधनाला परवानगी देणाऱ्या संस्थेच्या समितीने मंजूर केलेला दोन पानी कागद होता. डॉक्टरांनी तिला त्यातलं एकेक वाक्य समजावून सांगितलं. तिने चार दिवस ते तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि मग पहिल्या पेशंटपुढे बसून म्हणाली, "भाऊ, आमी इथी टाइम लिहून राह्यलो. तुमाले औषध कवा भेटते, तो टाइम. तुमी नाई म्हणले तरी औषध तेच भेटन, कोणी रागावत नाई. हो म्हणले तं मी तुमच्या संग राह्यतो." मी औषधांच्या कपाटापाशी उभी होते. तो माणूस हो म्हणाला. त्या शेवटच्या वाक्यामुळे म्हणाला असावा. ते वाक्य कागदावर नव्हतं, पुढे समितीला कळवून डॉक्टरांनी ते घालून घेतलं.

तीन महिन्यांत शहाऐंशी पेशंट झाले. डॉक्टरांनी हिशेब मांडला आणि मला बोलावलं. निम्म्या लोकांना पहिलं औषध मिळायला एक तास बावन्न मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला होता.

मी चिडले. माझं रजिस्टर खोटं म्हणताय का, असं तोंडावर विचारलं. मैना कोपऱ्यात उभी होती. तिने तिची वही पुढे केली. दर पेशंटसाठी एक पान. गेट, चिठ्ठीची रांग, बाक, बीपी, दुखण्याचा आकडा, डॉक्टर, औषधाची खिडकी, सुई. प्रत्येकापुढे वेळ.

"तुमचा टाइम बरोबर हाये, सिस्टर," ती म्हणाली. "चिठ्ठी तुमच्या टेबलावर आल्यापासून तीसच मिनिटं लागते. पण त्याईचं दुखणं गेटावरच चालू असते ना."

मी दोन-तीन पानं उलटून पाहिली. वही परत दिली.

त्या वह्यांमध्ये आणखी एक गोष्ट डॉक्टरांना खटकत होती. दुखणं मोजायला आमच्याकडे चेहऱ्यांचा एक तक्ता होता. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका, मधे चार. पेशंटने बोट ठेवायचं आणि सिस्टरने आकडा लिहायचा. आकडा मोठा असेल तर लगेच डॉक्टर, लहान असेल तर बाकावर. शहाऐंशीपैकी एकतीस लोकांनी हसऱ्या नाहीतर त्याच्या शेजारच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. पन्नास-साठ किलोमीटरवरून, एसटी बदलत, कुणी हसऱ्या दुखण्यासाठी येतं का? आणि मैनाने त्याच पानांवर समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "ओठ चावते." "घामानं भिजली." "बाकाची पट्टी सोडत नाई."

उलगडा झाला तो चंचलमुळे. ती पंधरा वर्षांची, एटापल्लीकडच्या एका पाड्यावरची. बाप दसरू तिला खांद्यावर घेऊन आत आला होता. मीच तक्ता पुढे धरला. पोरीने तक्त्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. मी शून्य लिहिलं आणि त्यांना बाक दाखवला.

थोड्या वेळाने मैना बाकाशी गेलेली मला दिसली. "दसरूभाऊ," ती म्हणाली, "बाहेर नळ हाये. बाटली भरून आणा जी, पोरीले पाणी लागन." दसरू बाहेर गेला आणि पोरीचा चेहरा एकदम बदलला. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ती रडायला लागली.

मैना तिच्यापुढे उकिडवी बसली. "काऊन हसत्या तोंडावर बोट ठेवलं, बाई?"

"बाबा पाह्यत व्हता ना," पोरगी म्हणाली. "मागच्या खेपेले मी रडली तं बाबा दोन दिवस जेवला नाई."

मैना सरळ माझ्याकडे आली. आवाज न चढवता म्हणाली, "सिस्टर, तिचा आकडा चुकला. फिरून विचारा. बाप येवाच्या आंधी."

मी पुन्हा तक्ता धरला. चंचलने शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. डॉक्टरांना हाक मारून मी स्वतः सुई भरली. दसरू बाटली घेऊन आला तोवर तिचे डोळे मिटायला लागले होते. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "झोपली का? बरं झालं."

दुपारी मी मैनाला चहाला बोलावलं. पहिल्यांदाच. तुला कसं कळलं, असं विचारलं. तिने कप टेबलावर ठेवला.

"माही लहान बहीण व्हती, रीता," ती म्हणाली. "तिले हेच व्हतं. माय तिले दवाखान्यात ने, तं तिथं म्हणत, पोरगी नाटक करते. दोन-तीन खेपा असंच झालं. मंग तिनं सांगनंच सोडून देल्लं. घरी बी नाई सांगे. आमाले वाटलं, बरी झाली." तिने पदराने कपाची कड पुसली. "एकोणीस वर्साची व्हती. धानाच्या रोवण्याच्या दिवसात गेली."

कोणत्या दवाखान्यात, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नाटक हा शब्द त्याच आठवड्यात माझ्या तोंडून निघाला होता.

त्यानंतर मैना पेशंटला औषध मिळून ते जरा निवांत झाले की एकेकाला विचारू लागली, तुम्ही त्या चेहऱ्यावर बोट काऊन ठेवलं? गुणाबाई नावाची एक म्हातारी होती, मूलकडची, धानकापणीला जाणारी. ती म्हणाली, "बाईनं विचारलं कोणता, तं मले जो बरा दिसला त्याले बोट लावलं." एक जण म्हणाला, औषध घेऊन मला तसं व्हायचं आहे. एकीला वाटलं, रडका चेहरा दाखवला की सिस्टर रागावते. डॉ. दिव्यानी हे ऐकताना आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, "मैनाताई, हा तक्ता आपल्या लोकांचा नाही. दुसरा करू."

पहिली कल्पना मैनाचीच. तलावाकाठची बाई ती. तिने सुचवलं, पाण्यात उतरल्यासारखं विचारू. दुखणं घोट्याएवढं आहे, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, गळ्याएवढं की डोक्यावरून गेलं? डॉक्टरांना फार आवडलं. सुंदर चित्रं काढून घेतली. आणि पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. ज्याचा गुडघा दुखत होता तो गुडघ्यावर बोट ठेवायचा, ज्याची कंबर दुखत होती तो कमरेवर. घुग्घुसच्या खाणीतला एक माणूस वेदनेने पिवळा पडलेला आणि चित्रातल्या घोट्याकडे बोट दाखवून सांगतोय, "इथी. फक्त इथीच." ज्युनिअर डॉक्टर खो खो हसले. मैना दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

मी तिच्या गावी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या एखाद्या सफाईच्या बाईच्या घरी जात होते. हेमराज अंगणात जाळं दुरुस्त करत होता. तो उठून म्हणाला, "या बाई. ती मांगं बसली हाये. बोलून नाई राह्यली."

मैना मला बघून गडबडली. "मी काय संशोधन करीन, सिस्टर? लोक हासले."

"मी तीन महिने चुकीचा आकडा लिहीत होते," मी म्हटलं. "मला कुणी हसलंसुद्धा नाही. चल."

ती काही लगेच निघाली नाही. आधी मला मासोळीचं कालवण आणि भात खायला घातला. मग दुसऱ्या दिवशी आली.

पुढची वाट गुणाबाईने दाखवली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पुन्हा दुखणं उठून ती आली होती. मैनाने तक्ता वगैरे काही न धरता नुसतं विचारलं, "कसं वाटून राह्यलं, बाई?" गुणाबाई दात आवळून म्हणाली, "डोक्शावर ओल्या धानाचा भारा हाये न उतरवाले कोणी नाई." मैना तिथेच थबकली. आधी डॉक्टरांना हाक मारून सुई देववली, आणि मग धावतच वही आणायला गेली.

नव्या तक्त्यावर एक बाई होती आणि एक माणूस, आपल्याकडच्या कपड्यांतले. पहिल्या चित्रात डोकं रिकामं. मग हातात एक पेंढी. मग डोक्यावर लहान भारा, मोठा भारा, मान वाकवणारा भारा आणि शेवटी भाऱ्याखाली बसलेलं माणूस. प्रश्न एकच: "भारा केवढा हाये?" आणि नातेवाइकांना आधी पाण्याला पाठवायचं. वर्षभर आम्ही तो चारही हॉस्पिटलांत वापरला. डॉक्टरांनी पेशंटची नाडी, घाम, हालचाल, औषधानंतर पडलेला फरक, सगळं ताडून पाहिलं. भारा बरोबर बोलत होता. दसरूसारखे बापही आता बाटली घेऊन न सांगता उठायचे.

बाकीचे बदल तसे साधेच. सिकलच्या पेशंटने चिठ्ठीच्या रांगेत उभं राहायचं नाही. गेटवरचा लच्छूभाऊ त्याला ओळखून थेट आत आणणार. पहिलं औषध सिस्टरच्या हातात तयार, डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेलं. हे सगळं मी बसवलं आणि दुसऱ्या सिस्टर लोकांशी त्यापायी भांडलेही. वर्ष संपलं तेव्हा निम्म्या पेशंटना चौतीस मिनिटांच्या आत औषध मिळत होतं. गेटापासून.

मग या सगळ्यावर संशोधनाचा लेख लिहायची वेळ आली. डॉ. दिव्यानींनी लेखकांच्या यादीत मैनाचं नाव घातलं. संस्थेच्या वरच्या साहेबांनी सांगितलं, शेवटी आभारात घाला, तेवढं पुरे. डॉक्टर अडून बसल्या. साहेब म्हणाले, लेखक व्हायचं तर अख्खा लेख वाचून मान्य करावा लागतो, तो इंग्रजीत आहे. "मग मी मराठीत वाचून दाखवते," डॉक्टर म्हणाल्या.

तीन दुपारी लागल्या. मीही बसायचे. मैना डोळे मिटून ऐकायची, भजनाला बसल्यासारखी. आकडे आले की मान हलवायची. तिसऱ्या दुपारी एक वाक्य आलं. त्याचा अर्थ असा, की ग्रामीण व आदिवासी भागातले रुग्ण आपली वेदना कमी सांगतात.

मैनाने डोळे उघडले. "हे काढा जी."

"का? आपलेच आकडे आहेत हे."

"ते कमी नाई सांगत," मैना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा वर गेला होता. "समासात मी लिवलं हाये ना, ओठ चावते, घामानं भिजली. ते सांगूनच राह्यले व्हते. आमचा कागद घेत नोवता."

डॉक्टरांनी वहीची ती पानं पुन्हा काढून समास वाचले. मग डॉक्टरांनी ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं: वापरात असलेला तक्ता या रुग्णांची वेदना टिपू शकला नाही. लेख तसाच छापला गेला. नावं पाच, चौथं मैना शेंडे. साहेबांनी स्वतः तिला प्रत दिली. तिने ती घरी नेऊन हेमराजला दाखवली. त्याने नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, यातलं शेंडे कोणतं.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मैना अजून आहे. सफाईचं काम सुटलं, आता ती नव्या सिस्टर आणि डॉक्टर पोरांना पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवते. दर महिन्याला गडचिरोलीकडच्या हॉस्पिटलांची फेरी असते. माडिया ही तिकडची आदिवासी बोली बोलणाऱ्या बायांसाठी तिने तिथल्याच एका मुलीकडून भाऱ्याचा प्रश्न शिकून पाठ केला आहे. उच्चार चुकला की त्या बाया हसतात आणि त्या हसण्याचं तिला आता काही वाटत नाही.

गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला मी हॉस्पिटलात गेले होते. कॅज्युअल्टीत डोकावले. ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरमधली एक मुलगी आली होती, बारावीतली, सिकलचीच. मैनाने तिच्या आईला बाहेर पाठवून तक्ता पुढे धरला. मुलगी दुखण्यातूनही गोंधळली.

"मावशी, मी कधी भारा उचललाच नाही."

"ते मंग पाहू," मैना म्हणाली आणि सिस्टरला हात केला. "आंधी सुई घे."

सुई झाली. मैना तिच्या पायांवर पांघरूण घालून, उबेसाठी गरम पाण्याची पिशवी ठेवून बाजूला बसली. पाऊण तासाने मुलीच्या कपाळावरची आठी गेली. ती पाणी मागायला लागली. मैनाने तिला उठवून बसवलं, ग्लास तोंडाला लावला आणि मग मांडीवर वही उघडून विचारलं, "आता सांग. तू रोज काय उचलते?"

"कॉलेजची बॅग," मुलगी म्हणाली. जरा विचार करून पुढे म्हणाली, "आणि सायलेंडर एकदा. दुसऱ्या मजल्यापर्यंत."

"आई गे," मैना म्हणाली, आणि लिहायला लागली.